बटलरची प्रवचनं वाचायची कशी

जोसेफ बटलर (1692–1752) आधी ब्रिस्टलचा आणि शेवटी डरहॅमचा बिशप होता, पण त्याचं नीतिशास्त्र बिशपपदाच्या कितीतरी आधीचं आहे. लंडनच्या रोल्स चॅपलमध्ये 1719 ते 1726 या काळात तो प्रवचनं देत असे. त्यांतली पंधरा 1726 साली छापली गेली. वाचायला घ्यायची ती हीच.

आवृत्ती निवडताना एक गोष्ट तपासा: 1729 च्या दुसऱ्या आवृत्तीत बटलरने जोडलेली प्रस्तावना पुस्तकात आहे का? ती नसेल तर दुसरी प्रत शोधा. घड्याळाचा दृष्टान्त तिथेच आहे. सुटे भाग मोजून घड्याळ कळत नाही, त्यांचा एकमेकांशी संबंध कळावा लागतो. माणसाच्या मनाचंही तसंच. मात्र प्रस्तावना आधी वाचू नका. ती दाट आहे, बरेच जण तिथेच पुस्तक मिटतात.

पहिली तीन प्रवचनं सलग वाचा. समासात चार खुणा ठरवून घ्या: भूक, राग यांसारख्या सुट्या वासना, स्वहितबुद्धी, परहितबुद्धी, आणि सदसद्विवेकबुद्धी. प्रत्येक परिच्छेद यांतल्या कशाबद्दल आहे ते लिहीत जा. वाक्यं लांबलचक आहेत, तेव्हा आधी मुख्य क्रियापद शोधा आणि पोटवाक्यं नंतर जोडा. दुसऱ्या प्रवचनात बळ आणि अधिकार यांतला फरक येतो. वासना जोरात असते म्हणून तिचा हुकूम चालावा असं नाही. हुकमाचा हक्क सदसद्विवेकबुद्धीचा, मग ती प्रत्यक्षात हरली तरी. हे निसटलं तर पुढचं सगळं साधा उपदेश वाटतं. आता प्रस्तावनेकडे वळा.

त्यानंतर थेट अकरावं. माणूस जे करतो ते स्वतःच्या सुखासाठीच, या मताला इथे उत्तर आहे. (ते मत मांडणारा इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्स याचं नाव घेऊन केलेला वाद पहिल्या प्रवचनाच्या तळटीपेत सापडेल.) भुकेचा विषय अन्न आहे, सुख नव्हे, अन्नाची ओढ आधीच नसेल तर खाण्यातून सुख येणार कुठून? इथे ‘सेल्फ-लव्ह’चं, म्हणजे वरच्या खुणांतल्या स्वहितबुद्धीचं, भाषांतर ‘स्वार्थ’ केलंत की युक्तिवाद कोसळतो. बटलरला अभिप्रेत आहे ती स्वतःच्या एकूण सुखाची शांत, दूरवरची इच्छा, आणि रागाच्या भरात माणूस तिच्याविरुद्धही वागतो. ‘पॅशन’ म्हणजेही केवळ उत्कट प्रेम नव्हे. कोणताही मनोविकार त्यात येतो.

याच प्रवचनाच्या अखेरीस एक वाक्य आहे: थंड डोक्याने बसलो की आपल्या सुखाला निदान विरोधी नाही एवढी खात्री पटल्याशिवाय कोणतंही कृत्य आपल्याला समर्थनीय वाटत नाही. एवढंच उचलून बटलरला स्वहितवादी ठरवलं जातं. वाक्याची सुरुवात पाहा. ‘असं मान्य करू’ म्हणून दिलेली ती सवलत आहे.

आठवं आणि नववं जोडीने घ्या. क्षमा म्हणजे राग नाहीसा होणं, हे मत अनेकदा बटलरच्या नावावर खपवलं जातं. तो तसं म्हणत नाही. अन्यायाबद्दलचा राग रास्त असू शकतो. नडतो तो त्याचा अतिरेक आणि सूड. चटकन उसळणारा राग आणि विचारपूर्वक धरलेला राग हे त्याने आठव्यात वेगळे केलेत. ते नीट लक्षात असेल तर नववं अर्ध्या वेळात होतं. सातव्या आणि दहाव्यात आत्मवंचना आहे, आणि मनोनिरीक्षण म्हणून पुस्तकातली सर्वात धारदार पानं तीच. तेराव्या-चौदाव्याची घाई नको.

मराठी वाचकाला बटलरचं नाव गीतारहस्यात भेटलेलं असतं. टिळकांचा ‘सदसद्विवेकदेवता’ हा शब्द मात्र इथे लावताना जपून. बटलर सदसद्विवेकबुद्धीला मागे वळून स्वतःची कृत्यं तपासणारं तत्त्वही म्हणतो, आणि ‘देवता’ शब्दात ती तपासणी हरवते.

बारावं वाचून परोपकार म्हणजेच सगळा सद्गुण असं वाटू लागेल. तिथे न थांबता त्याच्याच 1736 च्या ‘अ‍ॅनॅलॉजी’ या धर्मविषयक ग्रंथाला जोडलेला सद्गुणाच्या स्वरूपावरचा छोटा निबंध लगेच घ्या. खोटेपणा, हिंसा आणि अन्याय यांना आपण नापसंत करतो ते त्यांतून एकूण सुख वाढेल की घटेल याचा हिशेब न करता, असं तो तिथे स्पष्ट लिहितो.