चालू घडामोडींचे सराव प्रश्न स्वतः कसे तयार करावेत

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या कोणत्याही अभ्यासिकेत चालू घडामोडींचे तयार प्रश्नसंच मुबलक सापडतात, परंतु त्यांतील बहुसंख्य प्रश्न 'कोण, कुठे, केव्हा' यापुढे जात नाहीत. स्पर्धा परीक्षा घेणारा लोकसेवा आयोग मात्र बातमीचे केवळ निमित्त करतो आणि तिच्यामागचा भूगोल, राज्यघटनेतील तरतूद किंवा कायदा विचारतो. म्हणूनच दररोज दोन प्रश्न स्वतः रचणे हे तयार प्रश्नांचा ढीग उपसण्यापेक्षा अधिक फलदायी ठरते, असे माझे मत आहे.

सर्वप्रथम बातमीची निवड करावी. उद्घाटने, आरोप-प्रत्यारोप आणि सत्कार सरळ वगळावेत. सहा महिन्यांनंतरही जिचे महत्त्व टिकेल आणि जी अभ्यासक्रमातील एखाद्या घटकाशी जोडता येईल, तीच बातमी वहीत घ्यावी. उदाहरणादाखल तापी खोरे महाकाय पुनर्भरण योजना, म्हणजे तापीचे पाणी जमिनीत मुरवून भूजल वाढवण्याची योजना घेऊ. या योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात 10 मे 2025 रोजी भोपाळ येथे सामंजस्य करार झाला. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातील खोल गेलेल्या भूजलाशी तिचा थेट संबंध असल्याने खानदेशातील वाचकाला ती आपलीच वाटेल. परीक्षेच्या दृष्टीने मात्र ती आंतरराज्य नदी, भूजल आणि केंद्र-राज्य संबंध या तिन्ही घटकांना स्पर्श करते, हे तिचे खरे मोल आहे.

दुसऱ्या टप्प्यात बातमीची पार्श्वभूमी लिहून काढावी. वृत्तपत्रातील मजकुरावर विसंबून न राहता पत्र सूचना कार्यालय किंवा संबंधित विभागाचे अधिकृत निवेदन वाचावे, कारण आकडे आणि योजनांची नावे बातमीत अनेकदा चुकतात. त्यानंतर नकाशा उघडावा आणि राज्यघटनेचे पुस्तक शेजारी ठेवावे.

आता विधाने रचावीत. वरील बातमीवरून असा प्रश्न तयार होतो:

तापी नदीसंदर्भात पुढील विधाने विचारात घ्या.
(अ) तिचा उगम मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ होतो.
(ब) नर्मदेप्रमाणेच ती पश्चिमेकडे वाहून अरबी समुद्राला मिळते.
(क) पूर्णा आणि गिरणा या नद्या तिला उजव्या तीरावरून मिळतात.
वरीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत?

येथे (अ) आणि (ब) बरोबर आहेत, तर (क) केवळ एका शब्दामुळे चुकीचे ठरते. नदीचा तीर प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरवतात. तापी पश्चिमेकडे वाहते, त्यामुळे दक्षिणेकडून येणाऱ्या पूर्णा आणि गिरणा या तिच्या डाव्या तीरावरील उपनद्या होत. गिरणाकाठी लहानाचा मोठा झालेला विद्यार्थीही या ठिकाणी अडखळू शकतो, कारण नदी ओळखीची असली तरी 'तीर' या संज्ञेचा विचार त्याने कधी केलेला नसतो.

सर्वाधिक वेळ द्यावा तो चुकीच्या पर्यायांना. जो पर्याय वाचताक्षणी हास्यास्पद वाटतो, त्यातून काहीही शिकायला मिळत नाही. चुकीचा पर्याय हा खऱ्या उत्तराचा सख्खा शेजारी असावा. नदीजल तंट्यांबाबतचा अनुच्छेद 262 विचारायचा असेल, तर पर्यायांत आंतरराज्य परिषदेचा अनुच्छेद 263 अवश्य ठेवावा. 'पाणी हा समवर्ती सूचीतील (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतील असा) विषय आहे' हे विधानही असेच उपयुक्त आहे: ते चुकीचे असले तरी पटण्यासारखे वाटते. प्रत्यक्षात पाणी हा राज्य सूचीतील 17 व्या क्रमांकाचा विषय असून तो संघ सूचीतील 56 व्या नोंदीच्या अधीन आहे. हा पर्याय रचताना तिन्ही सूच्या चाळाव्या लागतात आणि तोच खरा अभ्यास होय. करारात किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी कोणाला, यावर मात्र प्रश्न रचण्यात वेळ दवडू नये. अशा आकड्यांची केवळ नोंद ठेवावी.

एकच विधानसंच 'कोणती विधाने बरोबर' आणि 'किती विधाने बरोबर' अशा दोन धाटणींत लिहावा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या 2023 च्या पूर्वपरीक्षेत 'वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत' असे प्रश्न मोठ्या संख्येने आले आणि पर्याय वगळत उत्तर गाठण्याची सवय त्यांपुढे निष्प्रभ ठरली. जोड्या लावण्याच्या प्रश्नांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळी आणि जळगावचे भरताचे वांगे यांसारखे विषय सोयीचे पडतात.

प्रत्येक प्रश्नाचे स्पष्टीकरण पानाच्या मागील बाजूस लिहावे आणि त्यात प्रत्येक चुकीचे विधान का चुकीचे आहे, हे एका वाक्यात नोंदवावे. खाली बातमीचा दिनांक आणि स्रोत टाकावा.

हे प्रश्न त्याच दिवशी सोडवू नयेत. उत्तर ताजे असताना सोडवलेला प्रश्न स्मरणाची परीक्षा घेत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पंचवीस प्रश्न एकत्र काढून घड्याळ लावावे आणि ऋण गुणही परीक्षेप्रमाणेच कापावेत: केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेसाठी चुकीच्या उत्तरामागे प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश, तर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेसाठी एक चतुर्थांश. शक्य असल्यास अभ्यासिकेतील सोबत्याशी वह्यांची अदलाबदल करावी, कारण आपण स्वतः पेरलेली फसगत आपल्याला सहसा फसवत नाही. सोबत्याने एखाद्या विधानावर हरकत घेतली, तर वाद न घालता मूळ स्रोत उघडावा. ज्या विधानाचे दोन अर्थ निघतात, ते खोडून नव्याने लिहावे.

दर दोन महिन्यांनी वही चाळून जुने झालेले प्रश्न दुरुस्त करावेत. योजनांची नावे, जिल्ह्यांची नावे आणि पदांवरील व्यक्ती बदलत असतात. केंद्राच्या आकांक्षित (विकासात मागे राहिलेल्या) जिल्ह्यांच्या यादीवरील प्रश्नात नंदुरबारच्या जोडीला 'उस्मानाबाद' लिहिलेले असेल, तर तेथे आता 'धाराशिव' हवे. पूर्वपरीक्षेला एक महिना उरला की नवे प्रश्न रचणे थांबवावे आणि ज्या प्रश्नांत दोनदा चूक झाली, तेवढेच वेगळ्या पानांवर उतरवून घ्यावेत.