एअर पिस्तूल हाताला बसवताय? आधी या चुका टाळा

दहा मीटरवरून टार्गेटवर मारायचं एअर पिस्तूल घरी आलं की पहिल्या आठवड्यातच पॉलिश पेपर घेऊन बसणारे शूटर काही कमी नाहीत. सीनियरकडून सेकंड हँड घेतलेलं असेल तर विचारूच नका. ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची लाकडी मूठ, आधीच कुणाच्या तरी हातासाठी घासलेली असते आणि नवा मालक ती आणखी घासतो. लाकूड परत उगवत नाही, एवढी साधी गोष्ट कुणाला सांगावी लागू नये.

पुढचं सगळं ४.५ मिमी एअर पिस्तुलाबद्दल आहे. भारतात हा बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० जूलच्या आतली ताकद असेल तर परवाना लागत नाही. पॉइंट टू-टू किंवा कुठलंही परवान्याचं पिस्तूल असेल तर त्याच्या ट्रिगरला घरी हात लावू नका, ते काम परवानाधारक आर्मररचं, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्याचं. आणि एअर पिस्तूल झालं म्हणून नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर उचलायचा नाही.

ग्रिप: ‘आरामदायक’ करायला जाणं

सगळ्यात महाग चूक हीच. जिथे टोचतं तिथे घासायचं, असं करत करत ग्रिप गुळगुळीत साबणवडी होते. हाताला छान वाटते, पण प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या जागी बसते. ग्रिपचं काम हाताला सुख देणं नाही. दर वेळी हात त्याच जागी गेला पाहिजे आणि मनगट न वळवता फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) मागच्या साइटच्या खाचेत आली पाहिजे, बस्स.

आधी तपासा. ग्रिप नेहमीसारखी धरा, डोळे मिटा, हात उचलून स्थिर करा, मग डोळे उघडा. पिस्तूल एकूणच टार्गेटच्या डावी-उजवीकडे गेलं असेल, पण दोन्ही साइट एकमेकींशी सरळ असतील, तर दोष पायांचा आहे. मागचा पाय सरकवा, ग्रिप सोडा. फ्रंट साइटच खाचेत एका बाजूला किंवा वर-खाली दिसत असेल तरच दोष ग्रिपचा. हे दहा वेळा करून वहीत लिहा. दहापैकी आठ वेळा एकाच बाजूला जात असेल तर पुढे जा. चार इकडे, सहा तिकडे असेल तर तुमची पकडच अजून पक्की नाही. महिनाभर ड्राय, म्हणजे छर्रा न भरता सराव, करा.

बऱ्याच मॅच पिस्तुलांत ग्रिपचा कोन बदलायचे स्क्रू असतात. ते आधी वापरा, एका वेळी पाव फेरी. अर्ध्या लोकांचं काम इथेच संपतं. पण मॅन्युअल वाचायचा कंटाळा आणि कानस घ्यायची घाई, त्यामुळे हे स्क्रू कारखान्यातून आले तसेच राहतात.

त्यानंतरही फरक उरला तर भर घाला, काढू नका. मुलं खेळतात ती न वाळणारी क्ले घ्या. तळव्याच्या खोलगट भागात चिमूटभर लावा आणि पुन्हा डोळे मिटून उचला. साइट उलट दिशेला गेली तर काढून दुसऱ्या जागी लावा. क्लेचं हे नाटक निदान आठ दिवस चालू द्या. आकार पक्का झाला की त्याच जागी एम-सीलसारखी दोन भागांची इपॉक्सी पुटी लावायची. दोन्ही भाग सारखे घेऊन रंगाचे पट्टे दिसेनासे होईपर्यंत मळायचे. हातावर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळून पकड घ्यायची आणि हात काढून चोवीस तास ग्रिपला शिवायचं नाही. जिथे पुटी लागणार तिथलं लाकूड आधी खरखरीत करून घ्या, नाहीतर महिन्याभरात तुकडा हातात येतो. ग्रिप पिस्तुलावर ठेवून पुटी लावायची नाही. ती फटीतून आत जाते आणि ग्रिप फ्रेमला कायमची चिकटते. घासतानाही तेच: ग्रिप काढूनच. लाकडाचा भुसा ट्रिगरमध्ये गेला की पुढचे दोन महिने ‘पिस्तुलात काहीतरी प्रॉब्लेम आहे’ हे पालुपद सुरू होतं.

घासायचंच तर कुठे? ट्रिगरच्या बोटाखाली. ते बोट लाकडाला अजिबात लागता कामा नये, दीड-दोन मिलिमीटर जागा हवी. बोट लाकडाला घासत मागे येतं तेव्हा पिस्तूलही बाजूला ढकललं जातं, आणि शूटर महिनोन्महिने साइटचे क्लिक (नेम सरकवायच्या स्क्रूचे टप्पे) फिरवत बसतो. अर्धगोल कानस, मग ८० नंबरचा पेपर, मग १२०. त्यापुढे जाऊ नका, चकचकीत ग्रिप घामाने सटकते. व्हार्निश तर नकोच.

पाम रेस्ट आवळणं

तळव्याखालची फळी घट्ट वर दाबून ठेवली की पहिल्या दहा शॉटला फार भारी वाटतं. स्पर्धेत साठ शॉटसाठी सव्वा तास मिळतो. एवढ्या वेळात हात सुजतो, मुंबई-कोकणच्या दमटपणात जरा जास्तच. मग तीच फळी मनगट वर उचलायला लागते आणि शेवटच्या दोन सिरीज (दहा-दहा शॉटच्या) वर जातात. फळी तळव्याला जेमतेम टेकेपर्यंत वर घ्या, मग अर्धा मिलिमीटर खाली आणून स्क्रू घट्ट करा. ही जुळणी सरावाच्या शेवटी करावी, सुरुवातीला नाही.

पुटीचा उत्साह फळीवर दाखवू नका. फळीची कड वर वळवून हाताला कवेत घेणारा आकार नियमात बसत नाही, ग्रिपशी फळीचा कोन ९० अंशांपेक्षा कमी चालत नाही आणि अंगठा वर मोकळा उचलता आला पाहिजे. सगळं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या डब्यात बसावं लागतं. हे ५० मिमी कुणाच्या लक्षात राहत नाहीत. पुटी लावून लठ्ठ झालेली ग्रिप डब्याच्या काठाला अडते आणि मग स्पर्धेच्या आदल्या दिवशी कुणाकडे तरी कानस मागत फिरायची वेळ येते.

ट्रिगर बरोबर ५०० ग्रॅमवर ठेवणं

नियम किमान ५०० ग्रॅमचा आहे. नवशिक्याच्या डोक्यात तो ‘५००’ म्हणून बसतो आणि तो स्प्रिंग काट्याने बरोबर तेवढाच ट्रिगर लावून येतो. दर स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलच्या (साहित्य तपासणीच्या) टेबलासमोर असा एक तरी उभा असतो. नळी उभी, ट्रिगरला वजन अडकवलेलं, वजन उचललं की टक्, ट्रिगर सुटला. दुसऱ्यांदा टक्. तिसऱ्यांदाही टक्. मागे रांग. मग प्रशिक्षक थरथरत्या हाताने ॲलन की घेऊन स्क्रू फिरवतो आणि पोरगं वेगळ्याच ट्रिगरने मॅच मारतं. सहा महिने ज्या ट्रिगरवर बोट बसवलं तो आता राहिलाच नाही. हे टाळायला लागतात फक्त दहा ते वीस ग्रॅम. ५१५-५२० वर ठेवा. त्या वीस ग्रॅमनी कुणाचा स्कोअर पडलेला नाही.

स्प्रिंग काटा बाजूला ठेवा, तो ओढण्याच्या वेगाप्रमाणे वेगळा आकडा दाखवतो. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घ्या. दोरी आणि हुकासकट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ५१५ ग्रॅम होईल एवढं पाणी ठेवा. हवेचा सिलिंडर लावलेला, नळी रिकामी आणि सरळ वर, पिस्तूल कॉक केलेलं (झाडायला तयार). हुक ट्रिगरला अडकवून बाटली टेबलावरून हळू उचला, झटका नको. सलग दहा वेळा ट्रिगर सुटला नाही तरच काम झालं.

क्रमही पाळा. आधी ट्रिगर मागे-पुढे सरकवून बोटाच्या पेराचा मधला भाग सपाट बसवा. मग पहिला टप्पा, साधारण ३५०-४०० ग्रॅम. मग दुसरा टप्पा, उरलेलं वजन. शेवटी ट्रिगर स्टॉप, म्हणजे सुटल्यावर ट्रिगर मागे कुठे थांबेल ते ठरवणारा स्क्रू. स्टॉप जास्त आत गेला तर ट्रिगर कधी सुटतो, कधी नाही. सुटण्याची जागा ठरते तिथून पाव फेरी मागे घ्या. प्रत्येक बदल वहीत लिहायचा: कुठला स्क्रू, कुठल्या दिशेला, किती. ‘लक्षात राहील’ म्हणणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

सिअरच्या (ट्रिगर दाबेपर्यंत पिस्तूल अडवून ठेवणाऱ्या आतल्या खटक्याच्या) पकडीचा स्क्रू मात्र सोडून द्या. ट्रिगर ‘काचेसारखा’ करायच्या नादात पकड इतकी कमी होते की पिस्तूल टेबलावर जरा जोरात ठेवलं तरी सुटतं. व्हिडिओ बघून हा स्क्रू फिरवणाऱ्याला रेंजवर उभं राहू देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बाकीचं थोडक्यात

एका शॉटवर क्लिक फिरवू नका. निदान पाच शॉटचा ग्रुप बघा. खाच अरुंद करू नका. फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंना तिच्या निम्म्या रुंदीएवढा उजेड दिसला की पुरे. अचूकतेच्या हव्यासापायी उजेड कमी केला की डोळा थकतो आणि बोट थांबून राहतं.

पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला वजनं लावायची तर १०-१५ ग्रॅमने, आणि दोन आठवडे तेवढ्यावरच. सगळ्या पिस्तुलाची मर्यादा १५०० ग्रॅमची आहे म्हणून तिथपर्यंत जायलाच हवं असं नाही.

सिलिंडर २०० बारच्या वर भरू नका, आणि भरायचं ते सावकाश. ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कड्याला) मशीनचं तेल लावलेलं दिसलं की कपाळावर हात मारावासा वाटतो. दाबाखालच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. सिलिकॉन ग्रीस, तेही नावापुरतं. सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा, दहा वर्षं झाली की तो बदलायचा.

सुटे भाग सोबत नसणं. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मधेच बिघडलं. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, ५७५ गुण झाले आणि बाराव्या स्थानावर राहून फायनल हुकली. तिथे तर सगळा ताफा सोबत होता. तुमच्या बॅगेत निदान ओ-रिंगचा संच, एक भरलेला सिलिंडर, ॲलन की, ग्रिपचा जादा स्क्रू आणि इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर नव्या बॅटऱ्या हव्यात. दुसरं पिस्तूल असेल तर त्याचीही ग्रिप तशीच बसवून, झीरो करून (साइट नेमाला जुळवून) ठेवा. नाहीतर ते पिस्तूल नुसतंच बॅगेचं वजन.

आणि स्पर्धेला पंधरा दिवस उरले असतील तर ॲलन की घरच्यांकडे देऊन टाका.