राजहंसगडासारख्या टेकडीची उंची आणि उठाव कसा मोजावा

बेळगावजवळच्या यळ्ळूरच्या राजहंसगडाची मोजणी दसऱ्यानंतर, आकाश निरभ्र असताना करावी. प्रथम सर्वोच्च नैसर्गिक जमीन शोधावी. तटबंदी व पुतळा उंचीत धरू नये. मोबाइलचे वाचन काही मीटर चुकू शकते, म्हणून सर्वेक्षणाचा उपग्रह-ग्राहक तिपाईवर दोन तास तरी स्थिर ठेवावा. त्याचे वाचन विवृत्ताभापासूनचे (पृथ्वीच्या गणिती, किंचित चपट्या आकारापासूनचे) असल्याने, आणि दक्षिण भारतात समुद्रसपाटीची पातळी विवृत्ताभाच्या खाली असल्याने, भू-आभाची (सरासरी समुद्रसपाटीशी जुळणाऱ्या पृष्ठभागाची) दुरुस्ती अनिवार्य आहे.

खरा कस उठावासाठी खिंड ठरवताना लागतो. अधिक उंच डोंगराकडे नेणाऱ्या धारेवरची ही सर्वांत खालची जागा असते, मात्र एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाणाऱ्यासाठी तीच सर्वांत उंच ठरते. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर समोच्चरेषा पाहून तेथे दुर्बीण-लेव्हल व मापनपट्टीने दोन्ही दिशांना तपासावे. माथा व खिंड यांच्या उंचीतील फरक म्हणजे उठाव.

वर्गीकरणासाठी वेल्सची पद्धत अनुकरणीय वाटते. तेथे किमान १५० मीटर उठावाच्या डोंगराला ‘मॅरिलिन’ म्हणतात. ‘ह्यूइट’साठी २,००० फुटांहून अधिक उंची व किमान ३० मीटर उठाव लागतो. २००८ च्या मोजणीत ६०९.७५ मीटर भरलेला तिथला मिनिद ग्रेग गोख हा डोंगर ही २,००० फुटांची (६०९.६ मीटर) सीमा जेमतेम ओलांडून गेला.