जादूचा ॲक्ट बसवताय? मग या चुका टाळा

ट्रिक यायला लागली म्हणजे ॲक्ट बसला असं नसतं. हे मला समजायला चार-पाच वर्षं गेली, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जी मुलं माझ्याकडे शिकायला येतात ती पण बरोबर इथेच अडकतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय. सामान अगदी साधं धरलंय, एका शबनम बॅगेत मावेल एवढं. कापून परत जोडायची दोरी, तीन लहानमोठ्या दोऱ्या सारख्या करायचा खेळ, रुमाल, थोडी नाणी, फाडून अखंड करायचा पेपर. हाताला सवय महिना-दीड महिन्यात होते. पण हे सगळं सलग बारा मिनिटं, उभं राहून, बोलत बोलत, समोर दीडशे माणसं असताना करायचं हे वेगळं शिकावं लागतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपण फक्त "ती" लपवाछपवीची हालचाल घोटत बसतो. पलंगावर बसून, टीव्हीसमोर, बसमधे, दोनशे वेळा. आणि एक खेळ संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या वेळेचा सराव एकदाही नाही. एका सोसायटीच्या गणपतीत माझं असंच झालं. दोरीचा खेळ छान झाला, टाळ्या पण पडल्या, आणि मी दोरी टेबलावर ठेवली ती नेमकी पुढच्या खेळाच्या पेपरवर. आता दोरी उचलायची, कात्री बाजूला करायची, पेपर हळूच काढायचा कारण त्याची तयारी आधीच केलेली, जोरात ओढला तर बिघडणार. पंधरा-वीस सेकंद गेले असतील फार तर, पण तेवढ्यात पुढची पोरं उठून पळायला लागली, मागे बायकांच्या गप्पा सुरू झाल्या, आणि ते लक्ष परत गोळा करता करता पुढचा अख्खा खेळ वाया गेला.

तेव्हापासून मी टेबलाचा नकाशा काढतो. वहीत चौकोन आखायचा आणि कुठली वस्तू कुठून निघणार आणि वापरून झाल्यावर कुठे जाणार ते लिहायचं. निघायची जागा सगळे ठरवतात, जायची कोणीच ठरवत नाही. खिशांचं पण तसंच, उजव्या खिशात काय, डाव्यात काय, आणि कुठला खिसा पूर्ण रिकामाच ठेवायचा. मोबाईल खिशात नाहीच. टेबलामागे एक उघडी पिशवी लटकवा, वापरलेली प्रत्येक वस्तू तिच्यात, म्हणजे टेबल मोकळं होत जातं आणि प्रेक्षकांना पण कळतं की हा भाग संपला.

किती खेळ घ्यायचे? नवीन माणूस आठ-नऊ घेतो, कारण सगळं दाखवायची हौस असते. दहा-बारा मिनिटांना चार पुरे. पहिला खेळ झटपट, कोणालाही वर न बोलावता होणारा. मधे एखाद्या मुलाला वर घेऊन करायचा. शेवट असा की मागच्या रांगेतल्या माणसाला पण मान उंच न करता दिसेल. एकच नाणं गायब करणं घरात चार जणांत फार सुंदर दिसतं, हॉलमधे पाचव्या रांगेच्या मागे कोणाला काही दिसतच नाही. नाण्यांचाच खेळ आवडत असेल तर हवेतून एकेक नाणं काढून स्टीलच्या पातेल्यात टाकायचा घ्या, तिथे आवाज ऐकू जातो. नेल्सन डाउन्स नावाच्या अमेरिकन जादूगाराने शंभर वर्षांपूर्वी याच खेळावर मोठमोठी थिएटरं गाजवली होती, ती काय उगाच नाही.

आता आरसा. आरशासमोर सराव करा असं सगळे सांगतात आणि सुरुवातीला तो लागतो पण, पण आरशाने दोन सवयी लागतात. एक म्हणजे नजर. तुम्ही स्वतःला बघण्यासाठी समोर बघत असता, स्टेजवर आरसा नसतो आणि नजर आपोआप हातावर पडते, तुम्ही हाताकडे बघितलं की सगळा हॉल हाताकडे बघतो. दुसरी त्याहून वाईट. नेमकी हालचाल व्हायच्या क्षणी डोळे मिटतात! आपलाच लपवाछपवीचा क्षण आपल्याला बघायचा नसतो म्हणून मन तेवढं गाळून टाकतं, आणि आरशात चुक दिसतच नाही कारण तेव्हा डोळे बंद होते. माझ्या एका विद्यार्थ्याला हे मी तीन वेळा सांगितलं, त्याला पटेना. मग त्याचा चेहरा मोबाईलवर जवळून शूट केला, फक्त चेहरा, हात दिसतच नव्हते. तरी तो बघून बरोबर सांगता येत होतं की रुमाल आत्ता गेला. डोळे मिटले, ओठ आवळले आणि बोलता बोलता अर्ध्या वाक्यात थांबला.

म्हणून मोबाईल वापरा, पण एकाच जागी ठेवून नाही. एकदा समोर, एकदा डाव्या टोकाला, एकदा उजव्या टोकाला, आणि एकदा खाली जमिनीवर. खालचा कॅमेरा कोणी लावत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात मुलं स्टेजच्या अगदी पुढ्यात सतरंजीवर बसलेली असतात, त्यांना तळहाताच्या आत, पेपरच्या खालून, टेबलाच्या कडेखालून असं सगळं दिसतं आणि ती गप्प बसणार नाहीत, "काका, त्या हातात आहे!" म्हणून ओरडतील. डाव्या-उजव्या बाजूने दिसत असेल तर तीन बाजूंनी प्रेक्षक असतील तिथे तो खेळ सरळ गाळा. हात वाकडा करून निभावेल असं वाटतं, निभावत नाही.

बोलण्यातली एक चूक जवळपास प्रत्येकजण करतो. "ही बघा एक साधी दोरी." साधी नाही असं कोणी म्हटलं होतं का? तुम्ही म्हणालात आणि संशय आला. "माझा हात रिकामा आहे" हे पण तसंच, हात रिकामा असेल तर त्याच हाताने कॉलर नीट करा, माईक सरकवा, लोकांना दिसतं. आणि दोरीबद्दल बोलायचंच तर तिची गोष्ट सांगा, गच्चीवर कपडे वाळत घालायची दोरी, आई म्हणाली दोन तुकडे कर आणि नंतर म्हणाली अखंडच पाहिजे होती. पोरं आयांकडे बघून हसतात, आणि त्या हसण्यात तुमचं काम होऊन जातं. "मेहरबान, कदरदान" वाली हिंदी ज्यांच्या तोंडात बसते त्यांना शोभते. घरी मराठी बोलणाऱ्या चौदा वर्षाच्या मुलाने ती पाठ करून म्हटली की वक्तृत्व स्पर्धेसारखं वाटतं. वाक्यं स्वतःच्या बोलीत लिहा, मग कागद बाजूला ठेवून पाच वेळा आपल्याच शब्दात सांगा, जे उरतं ते ठेवा.

पुढे काय होणार ते आधी सांगू नका, आणि "परत करा, परत करा" असा आग्रह झाला तरी तोच खेळ परत करू नका, दुसऱ्या वेळी त्यांना कुठे बघायचं ते माहीत असतं.

मंत्राबद्दल एक सांगतो, हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. एका गावात कार्यक्रम झाल्यावर एक आजी आजारी नातवाला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ह्याच्यावरून काहीतरी उतरवून द्या. मी त्यांना पायरीवर बसवून सांगितलं की आजी, ही हातचलाखी आहे, ह्याला डॉक्टरकडे न्या. अंनिसचे कार्यकर्ते चमत्कार करून दाखवतात आणि मग त्यामागची करामत पण फोडून सांगतात. आपण करामत सांगत नाही, पण मंत्रशक्तीने झालं असंही म्हणायचं नाही. सुरुवातीलाच "आज थोडी हातचलाखी बघूया" एवढं एक वाक्य घाला, मजा तसूभर कमी होत नाही.

सामानाचे त्रास आता. नायलॉनची दोरी घेऊ नका, ती ताठ राहते आणि गाठ सुटून येते. सुती घ्या आणि आत भरीव गाभा असेल तर तो ओढून काढा, दोरी एकदम मऊ होते. टोकं पिंजतात, तिथे पांढरा दोरा गुंडाळून फेविकॉल लावून रात्रभर वाळवा. कापायच्या खेळात दर वेळी थोडी दोरी जाते, सरावात पण जाते, त्यामुळे नेहमी लागेल त्याच्या दुप्पट आणा आणि लांबी प्रत्येक शोच्या आधी मोजा. कात्री त्याच दिवशी त्याच दोरीवर चालवून बघा, बोथट कात्री दोरी चावत बसते आणि सगळा ताल जातो.

पेपर उभा सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा जातो, त्यामुळे कुठली घडी आधी हे सरावातच पक्कं करा. गणपती म्हणजे ऐन पावसाळा, पेपर सादळतो आणि फाटताना आवाजच येत नाही, पत्ते पण फुगून एकमेकांना चिकटतात, म्हणून दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून न्या. थंडीत उलटं होतं, हात कोरडे पडून पत्ते निसटतात, तेव्हा ग्लिसरीनचा अगदी एक थेंब हाताला चोळायचा. रुमाल शोच्या आदल्या दिवशी धुवून इस्त्री करा, चुरगळलेला रुमाल बघितल्यावर लोकांना लगेच कळतं की तो कुठेतरी कोंबलेला होता.

स्टेजवर तासभर आधी जा आणि मागे काय आहे ते बघा. हल्ली मागे एलईडी स्क्रीन असते. पातळ रुमाल किंवा पेपर त्या उजेडासमोर धरला की आरपार दिसतो, मागे लपवलेल्या वस्तूची सावली थेट पुढे उमटते. स्क्रीन त्या बारा मिनिटांपुरती काळी करायला सांगा. हातात धरायचा माईक घेऊन दोरीला गाठ मारता येत नाही, कॉलर माईक नसेल तर स्टँड मागा, आणि घरी पण तसाच सराव करा, म्हणजे एका जागी उभं राहून. पंखा किंवा वारा असेल तर रुमाल आणि पेपरचे खेळ पुढेमागे करावे लागतील. मेणबत्ती, पेटता कागद असलं काही मंडपात नकोच, चारही बाजूंनी कापड असतं.

वर बोलावलेल्या मुलाला कुठे उभं करायचं ते ठरवून ठेवा, तुमच्या शेजारी, अर्धा पाय पुढे, मागे कधीच नाही. नाव विचारा आणि तेच नाव वापरा. त्याच्यावर हशा काढू नका, ते पोर शाळेत वर्षभर ते ऐकत राहतं. खाली पाठवताना पायऱ्यांपर्यंत स्वतः जा आणि टाळ्या त्याच्यासाठी मागा.

बिघडण्याचा पण सराव करा, खरंच करा. दोरी हातातून पडली तर काय, गाठ सुटली नाही तर काय, प्रत्येक खेळाला एक वाक्य आणि एक वाट ठरलेली पाहिजे. सॉरी म्हणायचं नाही, निम्म्या वेळा लोकांना कळलेलंच नसतं की काही चुकलं.

शेवट घाईत उरकू नका. 1956 च्या एप्रिलमधे बंगाली जादूगार पी. सी. सरकार यांनी बीबीसी टीव्हीच्या पॅनोरमा कार्यक्रमात एका मुलीला करवतीने कापून दाखवलं, ती उठायच्या आधीच वेळ संपली म्हणून कार्यक्रम बंद झाला, आणि मुलगी मेली की काय म्हणून लोकांनी फोन करून करून लाईनी जाम केल्या. सरकारांनी ते मुद्दाम साधलं असं बरेच जण मानतात. तुमच्या शोला शेवटची तीस सेकंद राखीव ठेवा. पेपर अखंड उघडला की तो दोन्ही हातांनी वर धरा, मनात तीन मोजा, काही बोलू नका. मग नमस्कार. मंडळाचे कार्यकर्ते आरतीसाठी घाई करतात, त्यांना आधीच सांगून ठेवा की मी हात जोडल्याशिवाय माईक घ्यायला वर येऊ नका.

आणि नमस्कार झाला की लगेच टेबलाकडे वळा, कारण मुलं धावत वर येतात आणि त्यांचे हात सगळ्यात आधी कात्रीवर जातात.