संशोधनाचा डेटा खुला करताना या चुका टाळा

सर्वांत जास्त तक्रारी एक्सेलमुळे येतात. मराठी मजकुराची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेला साधा तक्ता) दुहेरी क्लिकने उघडली की गावांच्या नावांऐवजी अगम्य चिन्हं दिसतात. फाइल धड असते; ती यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत, असते आणि एक्सेल भलत्याच एन्कोडिंगमध्ये वाचतं. साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडा. आलेली फाइल ‘डेटा’ टॅबमधून आयात करा आणि तिथे ६५००१ (म्हणजे यूटीएफ-८) हे एन्कोडिंग घ्या. आयात करतानाच कोड आणि क्रमांकांचे स्तंभ ‘टेक्स्ट’ ठरवा. नाहीतर ०१ चा १ होतो आणि सोळा आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा गुपचूप शून्य होतो. एक्सेल १५ च आकडे धरून ठेवतं, आणि गेलेला आकडा परत मिळत नाही. सेप्ट१ सारख्या जनुकांच्या नावांच्या तारखा होत राहिल्या, म्हणून शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलावी लागली! एक्सेल काही तेव्हा बदललं नाही. त्यामुळे मूळ फाइल ‘रीड ओन्ली’ करून बाजूला ठेवा, साफसफाई प्रतीवर करा.

०३/०४/२०२३ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? २०२३-०४-०३ असं लिहा, वाद मिटतो. उत्तर न मिळालेल्या जागी ० किंवा -९९९ भरू नका. कुणीतरी त्याची सरासरी काढतंच. जागा रिकामी ठेवा आणि ती रिकामी का, ते रीडमीत, म्हणजे डेटासोबत द्यायच्या माहितीच्या फाइलीत, सांगा. त्याच रीडमीत प्रत्येक स्तंभाचं नाव, अर्थ, एकक आणि कोडांचे अर्थ हवेत. ‘उत्पन्न’ एवढंच लिहून भागत नाही: महिन्याचं की वर्षाचं, कुटुंबाचं की माणशी?

विश्लेषणाचा कोड (प्रोग्रॅम) दुसऱ्याच्या संगणकावर न चालण्याचं कारण बहुतेक वेळा ‘सी ड्राइव्ह’पासून सुरू होणारा फाइलचा पत्ता असतो. प्रकल्पाच्या फोल्डरपासूनचा सापेक्ष पत्ता द्या. पायथनमध्ये ‘पिप फ्रीझ’ने लायब्ररींच्या (वापरलेल्या तयार कोडसंचांच्या) आवृत्त्या नोंदवा. तपासायचं तर नव्या फोल्डरात, नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (लायब्ररींच्या वेगळ्या, कोऱ्या संचात) फक्त रीडमी वाचून सगळं चालवा. अडलात तिथेच रीडमीत ओळ कमी आहे.

गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाचा दुवा म्हणजे जतन नव्हे. तिथली रिपॉझिटरी (प्रकल्पाचं फोल्डर) कधीही पुसता येते. ती झेनोडो या संशोधन-साहित्याच्या संग्रहाला जोडून डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, घ्या, पण झेनोडोवर त्या रिपॉझिटरीचं बटण आधी चालू करा आणि मगच रिलीज (ठरावीक आवृत्ती) काढा; आधीचे रिलीज आपोआप जात नाहीत. निबंधात वापरलेल्या आवृत्तीचाच डीओआय द्या, सर्व आवृत्त्यांचा सामायिक नव्हे. परवाना नसेल तर तुम्हाला विचारल्याशिवाय इतरांना तुमचं काम सहसा कायद्याने वापरता येत नाही. डेटाला सीसी बाय ४.०, कोडला एमआयटी चालतो.

नावं काढली तरी गाव, वय, जात आणि व्यवसाय एकत्र आले की छोट्या गावात माणूस ओळखू येतो. वयाचे गट करा, गावाऐवजी तालुका द्या. आणि आधार क्रमांकांची फाइल चुकून गिटमध्ये (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत) गेलीच, तर नुसती डिलीट करून उपयोग नाही, कारण ती जुन्या कमिटमध्ये (साठवलेल्या नोंदीत) तशीच राहते. ‘गिट फिल्टर-रेपो’ने इतिहासातून काढा, आणि तोवर ती कुणी उतरवून घेतली असेल असं धरूनच पुढची पावलं उचला.