परीक्षेच्या फॉर्मची लिंक उघडण्याआधी फोटो स्वतःच हलका करा

पुण्यात शास्त्री रोडवर झेरॉक्सच्या दुकानात फोटो ‘केबीत बसवून’, म्हणजे फाइल फॉर्मच्या मर्यादेइतकी लहान करून मिळतो, पण त्या डेस्कटॉपवर आपला चेहरा, सही, अंगठा सगळं मागे राहतं. माझं राहिलं होतं. पुढच्या खेपेला गेलो तर डाउनलोड्समध्ये मीच हसत होतो. तेव्हापासून हे काम अभ्यासिकेत आपल्याच लॅपटॉपवर, ब्राउझरमध्येच.

आधी साधन पारखून घ्या. मी स्क्वूश हे ब्राउझरमध्ये चालणारं साधन वापरतो. गूगलच्या क्रोमवाल्यांनी २०१८ मध्ये आणलेलं, फोटो कुठेही न पाठवता तुमच्याच मशीनवर दाबणारं. दुसरं काही वापरणार असाल तर एखादा फालतू फोटो टाकून बघा, मग वाय-फाय बंद करून पुन्हा टाका. चाललं तर ठीक. गोल गोल फिरत बसलं, तर ते फोटो सर्व्हरवर धाडतंय असं समजा आणि टॅब बंद करा.

आयफोनवाल्यांनी सेटिंगमधून कॅमेऱ्याचा फॉरमॅट आधीच बदलून जेपीईजी करावा, कारण आयफोन एरवी काढतो ती एचईआयसी फाइल क्रोममध्ये उघडत नाही. नुसतं नाव बदलून ‘जेपीजी’ केल्यानं काही होत नाही, हे दर वर्षी कुणाला तरी सांगावं लागतं.

आता खरी गोम. सगळे आधी क्वालिटीचा स्लायडर ओढतात आणि चेहऱ्याच्या फरश्या करून ठेवतात. जेपीईजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून दाबतं, फार दाबलं की तेच डोळ्यांना दिसतात. फोनचा ४००० × ३००० चा फोटो म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास पिक्सेल; आयबीपीएसच्या (बँक भरती परीक्षेच्या) फॉर्मला लागतात २०० × २३०, म्हणजे ४६ हजार. म्हणून गॅलरीत त्याच प्रमाणात क्रॉप, मग रिसाइज, आणि क्वालिटी सगळ्यात शेवटी. क्रॉप चुकवलात तर नाक पसरतं. आउटपुट जेपीईजीच ठेवा, पीएनजीला क्वालिटीचा स्लायडर लागू नाही.

मर्यादा दोन्हीकडून असते: फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २०. सही १४० × ६० ची झाली की हमखास १० च्या खाली घसरते, तेव्हा क्वालिटी वर न्या. सही काळ्या शाईनं, कोऱ्या पांढऱ्या कागदावर, दिवसा खिडकीशी. कॅपिटल अक्षरांतली चालत नाही. आकडे तरी त्या वर्षीच्या जाहिरातीतून पडताळा.

मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये. दाबलेला पुन्हा दाबू नका, दर वेळी मूळच घ्या. स्क्वूशमधून निघालेल्या फाइलमध्ये लोकेशनही उरत नाही, तेवढंच बरं.

डाव्या अंगठ्याचा ठसा २४० × २४०. त्याचं शाईचं पॅड अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला जाल तेव्हाच घेऊन ठेवा; रात्री अकराला रूमवर कुणाकडेच नसतं.