बाजाराचा वार आधी विचारा, घराची किंमत नंतर

बर्मिंगहॅमचं घर विकून आम्ही दोघं हेरफर्डशरमधल्या लेडबरीला राहायला आलो, तेव्हापासून ओळखीतल्या मराठी मंडळींचे फोन सुरू आहेत. "आम्हालाही असं जुनं गाव बघायचंय गं, सुरुवात कुठून करू?" दर वेळी तीच कॅसेट लावण्यापेक्षा एकदाचं लिहूनच काढते.

सुरुवात घरापासून करू नका, गावापासून करा. इंग्लंडमध्ये ज्याला मार्केट टाउन म्हणतात, ते गाव बाजारामुळेच मोठं झालेलं असतं. मध्ययुगात बाजार भरवायला राजाची सनद लागायची. ज्या गावाला ती मिळाली तिथे आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं ठरल्या वारी यायची. तो वार आजही गावाचं घड्याळ आहे. लेडबरीत मंगळवार आणि शनिवार. हाय स्ट्रीटवर, म्हणजे गावाच्या मुख्य रस्त्यावर, काळ्यापांढऱ्या लाकडी चौकटींचं मार्केट हाउस सोळा खांबांवर उभं आहे. १६१७ साली बांधायला घेतलेलं. त्याच्या पोटाखाली बाजाराची टेबलं लागतात. त्या दिवशी गाडी लावायला जागा मिळेल ही आशा सोडा.

म्हणून गाव तीनदा बघा. एकदा बाजाराच्या दिवशी, एकदा आडवारी संध्याकाळी सहानंतर आणि एकदा पावसाळी रविवारी. रविवार सगळ्यात महत्त्वाचा. बसचं वेळापत्रक हातात घ्या आणि रविवारचा रकाना वाचा. बऱ्याच गावांत तो कोराच असतो. लेडबरीला रेल्वे स्टेशन आहे, हेरफर्ड आणि बर्मिंगहॅमला थेट गाडी मिळते. आमची अर्धी निवड तिथेच झाली. रविवारी दुपारी चार वाजता, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, अशा वेळीही गाव आवडलं तर इस्टेट एजंटकडे जा.

आता घर. जुन्या पेठेतली घरं दर्शनी बाजूला अरुंद आणि मागे लांबच लांब असतात, कारण रस्त्याकडेची जागा म्हणजे धंद्याची जागा, तिचा तुकडा प्रत्येकाला हवा होता. परिणाम तुमच्या कपाटाला भोगावा लागतो. घर बघायला जाताना मोजपट्टी न्या. खोल्या मोजूच नका, जिना मोजा: रुंदी, वळणावरची उंची आणि डोक्यावरची तुळई. आमचं चार दारांचं कपाट बर्मिंगहॅममध्येच विकावं लागलं. पलंगाचं खोकं कापून दोन भाग करून वर चढवलं.

पहिल्याच भेटीत एजंटला एक प्रश्न विचाराच: "यातली कुठली खोली दुसऱ्याच्या जागेवर आहे का?" हसू नका. आमची मागची बेडरूम शेजाऱ्यांच्या बोळावर तरंगते. खाली त्यांची वाट, वर आमचा पलंग. याला फ्लाइंग फ्रीहोल्ड म्हणतात. भानगड अशी, की "खालचा भाग नीट राखीन" असं आजच्या शेजाऱ्याने कबूल केलं, तरी त्याने घर विकलं की नव्या मालकावर ते आपोआप बंधनकारक होत नाही. उद्या खालची भिंत खचली तर दुरुस्त करायला लावायचं कसं, या प्रश्नावर पहिल्या बँकेने कर्ज द्यायला नकार दिला. दुसरीने दिलं, पण सहा आठवडे गेले. तुमच्या सॉलिसिटरने, म्हणजे घरखरेदीचे कागद करणाऱ्या वकिलाने, अशी प्रकरणं आधी हाताळली आहेत का, हे फी विचारायच्या आधी विचारा.

मग दुसरी चौकशी: घर लिस्टेड, म्हणजे जपायच्या जुन्या इमारतींच्या अधिकृत यादीत, आहे का? हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या संस्थेची ही यादी ऑनलाइन फुकट बघता येते. यादीतली बहुतेक घरं ग्रेड टू या दर्जाची असतात आणि लोकांना वाटतं, फक्त बाहेरचा दर्शनी भाग जपायचा. तसं नाही. आतला जिना, दारं, शेकोटीची चौकट, सगळं त्यात येतं. इमारतीच्या स्वरूपात फरक पडेल असं काही करायचं तर काउन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, लेखी संमती लागते. तिच्या अर्जाला फी नाही, पण संमतीशिवाय काम केलं तर तो फौजदारी गुन्हा आहे. आणि खरी मेख इथे आहे: आधीच्या मालकाने परवानगीविना खिडक्या बदलल्या असतील, तर खटला त्याच्यावर, पण त्या पूर्ववत करा अशी नोटीस आजच्या मालकाला, म्हणजे तुम्हाला येऊ शकते. त्याला मुदतीचं बंधन नाही. प्लास्टिकच्या खिडक्या दिसल्या की कागद मागा.

सर्व्हेमध्ये, म्हणजे घेण्याआधीच्या घराच्या तपासणीत, पैसे वाचवू नका. जुन्या घराला लेव्हल थ्री, म्हणजे सगळ्यात सखोल सर्व्हे, तोही जुन्या बांधकामाची सवय असलेल्या माणसाकडून. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीची गोष्ट सांगते. जमिनीपासून कमरेपर्यंत ओल होती आणि एजंटचं म्हणणं, "हीटर लावा, वाळेल." सर्व्हेवाल्याने आम्हाला बाहेर नेलं आणि विटेवर अंगठा फिरवायला सांगितलं. विटेचा चेहरा पिठासारखा हातात आला. दोन विटांमधली दरज मात्र दगडासारखी टणक, कारण ती कुणीतरी सिमेंटने भरली होती. मूळ बांधकाम चुन्यातलं. चुना पाणी आत घेतो आणि दरजेवाटे बाहेर सोडतो. सिमेंटने ती वाट बुजते, मग पाणी विटेतूनच बाहेर पडायला बघतं, थंडीत गोठतं आणि वीट सोलवटते. आम्ही काउन्सिलच्या संवर्धन अधिकाऱ्याला विचारून सिमेंट खरवडून काढलं आणि चुन्याने दरजा भरून घेतल्या. भिंत वाळायला वर्ष लागलं. तोवर तिथे काही लावलं नाही, रंगही दिला नाही. ओलीवर रसायनाची इंजेक्शनं देणारा कुणी आला, तर चहा पाजून परत पाठवा.

पुराचा धोका सरकारी संकेतस्थळावर पिनकोड टाकून बघता येतो, दोन मिनिटांचं काम. परसात झाड असेल आणि भाग कॉन्झर्व्हेशन एरियात (जुनं रूप जपायच्या संरक्षित भागात) असेल, तर फांदी छाटायचीही सूचना काउन्सिलला सहा आठवडे आधी द्यावी लागते (अगदी कोवळी रोपं सोडून).

पैशांचा हिशेब. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी, राहतं घर बदलून ३,२५,००० पौंडांचं घर घेतलंत तर पहिल्या १,२५,००० वर काही नाही, पुढच्या १,२५,००० वर २ टक्के, उरलेल्या ७५,००० वर ५ टक्के. स्टॅम्प ड्यूटी ६,२५० पौंड. कम्प्लीशननंतर, म्हणजे पैसे पोचून चावी मिळाल्यावर, १४ दिवसांत भरायची, सॉलिसिटरच भरतो. घराचा विमा चावी मिळेल त्या दिवसापासून नको, एक्स्चेंज (दोन्ही बाजूंचे करार पक्के) झाल्या दिवसापासून सुरू करा. जोखीम साधारणपणे तेव्हाच तुमच्याकडे येते.

आता कम्प्लीशनचा वार. सगळे शुक्रवार मागतात, आम्हीही मागितला. एकाचं घर विकलं की दुसऱ्याचं घेता येतं अशा साखळीत आमच्या पुढे-मागे चार घरं होती, कुणाचे तरी पैसे अडकले आणि चावी हातात आली पावणेपाचला. सामानवाल्यांनी अर्धा ट्रक रिकामा केला आणि अंधार पडल्यावर उरलेलं सकाळी उतरवू म्हणाले. सकाळ शनिवारची. ट्रक दारापर्यंत येईना. आमचं जेवणाचं टेबल चौघांनी डोक्यावर घेऊन मार्केट हाउसच्या खांबांमधून आणलं. फ्लॉवर विकणारे आजोबा म्हणाले, "कितीला देताय?" अख्ख्या गावाला आमचं सामान पाठ झालं. तुम्ही बुधवार किंवा गुरुवार घ्या. ट्रक कुठे उभा राहणार आणि त्यासाठी पार्किंगची जागा राखून ठेवता येते का, हे काउन्सिलला आधी विचारा. आणि गावाच्या वार्षिक जत्रेची तारीख बघून ठेवा. इथे ऑक्टोबरमध्ये भर हाय स्ट्रीटवर पाळणे लागतात.

आल्या आल्या करायचं: जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवा, ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता बदला (फुकट होतं, न बदलल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड), काउन्सिल टॅक्स आणि मतदारयादी. एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) दातांचा डॉक्टर शोधायला घर घेण्याआधीच लागा, गमतीने म्हणत नाही. मुलं असतील तर शाळेच्या अर्जाच्या तारखा, माध्यमिकसाठी ३१ ऑक्टोबर आणि प्राथमिकसाठी १५ जानेवारी, डोक्यात ठेवूनच घर बदलायचा महिना ठरवा.

आणखी एक. जुन्या घरांना कित्येकदा नंबर नसतो, नुसतं नाव असतं, आणि एका पिनकोडात पंधरा दारं. आमची पहिली तीन पार्सलं तीन वेगळ्या दुकानांत सापडली. आता प्रत्येक ऑर्डरखाली मी लिहिते: "हिरवं दार, बोळाच्या डावीकडे, घंटा नाही, जोरात ठोठवा."